सराफकाकांच्या कोनाड्यातला चाकू

माझ्या नातींना वाटतं, त्यांची आजी लहानपणी भातुकली मांडून बसत असणार. बसलेही असेन एखाद-दुसऱ्या वेळी, कुणीतरी बळजबरीनं बसवलं म्हणून. पण अकराव्या वर्षी माझ्याकडं सहा चाकू होते आणि सातव्यावर डोळा होता, हे सांगितलं की त्या एकमेकींकडं बघतात. मग धाकटी हळूच माझ्या उशीखाली हात घालून बघते. तिथं फक्त माझी तपकिरीची डबी असते.

चाकू म्हणजे स्वयंपाकघरातले नव्हेत. स्वयंपाकघरात विळी होती आणि विळीचा मला मनापासून कंटाळा होता. माझे चाकू घडीचे, मुठीत मावणारे. पातं नखानं ओढून उघडायचं आणि मिटताना बोट सांभाळायचं. माझं बोट दोनदा सांभाळलं गेलं नाही, त्याच्या खुणा अजून आहेत. पण तेव्हा मी आईला सांगितलं होतं की मांजरानं ओरबाडलं. आमच्या घरी मांजर नव्हतं. इतकी मी हुशार.

आम्ही भूमला राहायचो. राज्य निजामाचं होतं. वडील कचेरीत कारकून होते, त्यामुळं दिवसभर त्यांचं लिहिणं उर्दूत चालायचं आणि घरी आले की पत्रं, याद्या वगैरे मोडीत. लिहायचं ते बोरूनं. बोरू म्हणजे पोकळ गवती कांडीची लेखणी. ती तासायची, टोकाला बारीक चीर द्यायची आणि मग टोक तिरपं कापायचं. त्या तिरप्या कापाला कत म्हणतात. उर्दूचा कत निराळा, मोडीचा निराळा. वडिलांनी मला अक्षरं नंतर शिकवली, आधी बोरू तासायला शिकवलं, कारण त्यांना स्वतःला त्या कामाचा वैताग होता. माझा हात मात्र त्यात बसला. इतका बसला की कचेरीतले दुसरे कारकूनही आपले बोरू वडिलांबरोबर आमच्या घरी पाठवायला लागले. या कामासाठी वडिलांनी मला त्यांचा जुना कलमतराश चाकू दिला. तो माझा पहिला चाकू आणि माझ्या डोक्यात शिरलेल्या वाऱ्याची सुरुवात.

आमच्या घरासमोर सराफकाकांचं दुकान होतं. चांदीचे वाळे-जोडवी तर ते विकायचेच, शिवाय वस्तू गहाण ठेवून घ्यायचे. तांब्या-पितळेची भांडी, पायातले तोडे, एकदा तर कुणीतरी घोड्याचं खोगीर ठेवलं होतं आणि ते वर्षभर दुकानात माणसासारखं एका कोपऱ्यात बसून होतं. काका अंगानं भरलेले, बोलायला कमी. त्यांच्या उजव्या हाताला कंप होता. लिहिताना तो कसा कुणास ठाऊक थांबायचा, पण बोरू तासायला घेतला की सुरू व्हायचा. म्हणून आमचा दोघांचा एक करार झाला. दर बाजाराच्या दिवशी मी दुकानाच्या ओट्यावर बसून त्यांना दहा बोरू तासून द्यायचे. असे चार बाजार झाले की त्यांच्या पत्र्याच्या डब्यातला एक चाकू मी निवडून घ्यायचा.

हा डबा बार्शीहून आलेल्या बिस्किटांचा होता. बिस्किटं कधीच संपलेली. आता त्यात मुदत टळलेल्या बारीकसारीक वस्तू असायच्या, म्हणजे ज्यांना सोडवायला कुणी आलंच नाही अशा. एकटं पडलेलं कानातलं, कुलपाशिवायची किल्ली, सुपारीचे अडकित्ते आणि तळाशी चाकू. चाकू गहाण कोण ठेवतं, असं तुम्ही विचाराल. ज्याच्याकडं त्या दिवशी दुसरं काही नसतं तो ठेवतो. मेंढरं राखणारे ठेवायचे, पानमळ्यातले ठेवायचे. त्या काळात लढाईवरून रजेवर आलेले शिपाईही असायचे. ते सुट्टीत मजा करायचे आणि परत जाताना अंगावरचं काही ना काही काकांकडं ठेवून जायचे. काहीजण सोडवायला आले नाहीत. ते का आले नाहीत हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मला फक्त डबा भरतोय एवढंच दिसायचं.

एका शिपायाचा चाकू माझा सगळ्यात लाडका. त्याला दोन पाती, एक कात्री आणि पाठीमागं एक पिळाची लोखंडी खिळी होती, डुकराच्या शेपटीसारखी. ती कशासाठी असावी याचा मी बराच विचार केला आणि ठरवलं की ती कान कोरायची आहे. गल्लीतल्या मुलींना मी ठणकावून सांगितलं, साहेब लोकांचे कान आतून वाकडे असतात, त्यांना सरळ काडी चालत नाही. पात्यावर इंग्रजी अक्षरं होती. ती मला येत नव्हती, पण ती वाचून दाखवायला माझी काही हरकत नसायची. दर वेळी मी वेगळं वाचायचे आणि एकीच्याही ते लक्षात आलं नाही, कारण ऐकणाऱ्या सगळ्या माझ्याच लायकीच्या होत्या. बाटलीचं बूच काढायला तशी खिळी असते हे मला माझ्या लग्नानंतर सात वर्षांनी कळलं आणि त्या दिवशी मी एकटीच माजघरात बसून बराच वेळ हसले.

ते सहा चाकू आता नाहीत. पुढं निजामाचं राज्य जायच्या गडबडीचं वर्ष आलं, घरोघर हत्यारं शोधायला माणसं फिरायला लागली, तेव्हा वडिलांनी ते सगळे फडक्यात बांधून परसातल्या विहिरीत सोडले. पण मला सांगायचं आहे ते सातव्याबद्दल. तो माझ्याकडं महिनाभरसुद्धा नव्हता.

तो डब्यात नव्हताच. काकांच्या गादीच्या मागं भिंतीत एक कोनाडा होता. त्यात गणपतीची तसबीर, उदबत्तीचं घर आणि एका पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली ती वस्तू. मी ती उघडी पाहिली होती, कारण दरसाल दिवाळी झाली की जवळच्या गावाहून एक म्हातारी यायची. कपाळ मोठं, कुंकू त्याहून मोठं, हातात तुपाचं गाडगं. ती ते काकांपुढं ठेवायची आणि म्हणायची की माझी वस्तू दावा. काका फडकं सोडायचे. ती चाकू हातात घ्यायची, उघडायची, उलटसुलट बघायची, मिटायची आणि परत गादीवर ठेवायची. मग निघून जायची. मूठ सांबराच्या शिंगाची, दोन्ही टोकांना चांदीचं पाणी दिलेलं, खाली अडकवायला एक कडी. पात्यावर टोकाजवळ एक काळा डाग. डब्यातले चाकू त्याच्यापुढं भाजीवाल्यांसारखे दिसायचे.

त्या बाजारच्या दिवशी मी नववा बोरू तासत होते. एक माणूस आपला तांब्या सोडवायला आला होता. त्याची मुदत टळून गेली होती आणि तांब्या विकला गेला होता. तो खूप वेळ बोलत होता, काका ऐकत होते. शेवटी काका म्हणाले की मुदत म्हणजे मुदत, माझ्या दुकानात दोन माणसांना दोन कायदे नाहीत. तो माणूस मात्र उठला नाही. आणखी दोघं-तिघं बसलेले होते.

मला त्या वयात कायदा फार कळायचा. मी दहावा बोरू खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

"काका, कोनाड्यातल्या चाकूची मुदत कधी टळली?"

काकांनी माझ्याकडं पाहिलं. ते खोटं बोलत नसत, हे मला पक्कं ठाऊक होतं आणि त्याच भरवशावर मी विचारलं होतं.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले.

"मग तो डब्यात कसा नाही?"

तांब्यावाला हसला. बरं झालं असं हसणं होतं ते. काकांचा हात कापायला लागला. त्यांनी तो मांडीखाली दाबला. मग डाव्या हातानं कोनाड्यातलं पिवळं फडकं काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. माझे चार बाजार त्याच दिवशी पुरे होत होते, तेव्हा करारानं मला एक चाकू यायचाच होता. काका एवढंच म्हणाले की ने, पण जप, त्याला मागायला माणूस यायचं आहे. मी "ने" एवढं ऐकलं. बाकीचं ऐकायला मी तिथं कुठं होते, मी केव्हाच ओट्यावरून उडी मारली होती.

घरी न जाता मी आधी गेले शिकलगार चाचांकडं. बाजाराच्या तोंडाशी कडुलिंबाखाली त्यांची साण असायची. पायानं चाक फिरवायचं आणि विळे, कोयते, कात्र्या यांना धार लावायची. माझा प्रत्येक नवा चाकू आधी त्यांना दाखवायचा असा रिवाज होता, आणि ते प्रत्येक चाकूत खोट काढायचे. हा मात्र त्यांनी पुसून हातावर ठेवला, खोट काढली नाही. पातं उजेडाकडं धरलं, डागावर अंगठा फिरवला.

"लिंबाचा डाग है ये," ते म्हणाले. "बेटा, ह्यो नवरदेवाचा चाकू हाय. कुठनं आणलास?"

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी, नाहीतर माझ्या नातींना ही गोष्ट कळत नाही. नवरदेवाला हळद लागली की त्याच्या हातात कट्यार द्यायची, कट्यार नसली तर अडकित्ता किंवा चाकू. त्याच्या टोकाला लिंबू टोचायचं. अक्षता पडेपर्यंत त्यानं ते हातातून सोडायचं नाही, जेवताना नाही, झोपताना नाही. दृष्ट लागू नये म्हणून. आणि पोलादाला लिंबाचा रस दोन दिवस लागून राहिला की काळा डाग पडतो, तो साध्या पुसण्यानं जात नाही. चाचा म्हणाले, एका लग्नाचा डाग एवढा खोल नसतो. ह्या चाकूनं तीन-चार लग्नं तरी लावली असतील. धार लावून देतो, पण डागाला मी हात लावणार नाही, आणि तूही लावू नकोस. ज्याचा आहे त्याला परत कर.

यातलंही मी सोयीचं तेवढं ऐकलं. माझ्या जमवाजमवीत आता एक नवरदेवाचा चाकू आला होता. मला वाटतं त्या रात्री मी जेवलेसुद्धा नाही, इतकी माझी छाती भरून आली होती.

मग व्हायचं तेच झालं. नवरदेवाचा चाकू हातात आला तर नवरदेव व्हायला नको? शेजारच्या मुलीला मी नवरी केलं. ती माझ्याहून दीड वर्षानं लहान, सांगेल ते ऐकणारी. वडिलांचा जुना फेटा मी डोक्याला गुंडाळला. तो नाकापर्यंत खाली यायचा, तेव्हा अर्ध्या लग्नात मला काही दिसलंच नाही. चाकूला लिंबू टोचलं, हळदीऐवजी भिंतीची पिवळी माती लावली आणि परसात बैठक मारली. लग्न चांगलं चाललं होतं. फक्त नवरीनं मधेच विचारलं की आता चाकू माझ्या हातात दे. मी म्हटलं, नवरीला चाकू नसतो. ती म्हणाली, मग मी नवरी नाही. ती उठून गेली. मी फेटा बांधून, लिंबू धरून, एकटीच दिवस कलेपर्यंत बसून राहिले, कारण अक्षता पडेपर्यंत चाकू सोडायचा नाही ना. असा नवरदेव भूम गावानं तोपर्यंत पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बघते तर डाग पसरला होता. कडेनं तांबूस झाला होता आणि पात्याला हात लावला की बोटाला गंज लागत होता.  आता ठेवणीतला सगळ्यात देखणा चाकू खराब झाला, एवढंच दुःख. म्हातारीची आठवण मला त्या दिवशीही आली नाही. आई पितळी भांडी चिंचेनं घासून लखलखीत करायची, ते मी रोज पाहत होते. मी चिंच घेतली आणि चाकू घासला. पोलाद चिंचेनं कसं होतं हे ज्यांनी करून पाहिलंय त्यांना सांगायला नको. संध्याकाळपर्यंत अख्खं पातं शेणाच्या रंगाचं झालं.

मग मात्र मी हट्टाला पेटले. विटेची पूड केली, चुलीतली राख घेतली, नारळाचा काथ्या घेतला आणि घासायला बसले. शाळेतून आले की घासायचं, आईनं हाक मारली की चाकू लपवायचा, ती आत गेली की परत घासायचं. तीन दिवस. बोटांची सालं गेली. घासता घासता तो डाग मला असा पाठ झाला की डोळे मिटले तरी दिसायचा. त्याची कोणती बाजू आधी फिकट झाली, कोणती शेवटपर्यंत अडून बसली, सगळं. तिसऱ्या दिवशी तो गेला. पातं आरशासारखं झालं. त्यात माझा चेहरा दिसायचा आणि तो चेहरा फार खुश होता, मूर्खासारखा.

त्यानंतरच्या दुसऱ्या बाजारी दुपारी सराफकाकांची समोरून हाक आली. बोरूबाईला पाठवा, कोनाड्यातली वस्तू घेऊन यायला सांगा. बोरूबाई म्हणजे मी. मी चाकू परकराच्या ओच्यात घातला आणि रस्ता ओलांडून गेले. मला वाटलं, काकांना बघायचा असेल मी तो कसा चमकवला ते.

ओट्यावर म्हातारी बसली होती. ह्या खेपेला हातात तुपाचं गाडगं नव्हतं, पदराला पैशांची गाठ होती. काकांनी मला हळू आवाजात सांगितलं की तिच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलंय, परवा हळद आहे, ती चाकू सोडवायला आली आहे. पुढं ते म्हणाले, "दे. तुला डब्यातला दुसरा देतो. दोन देतो."

मी चाकू दिला. काकांनी तो म्हातारीपुढं गादीवर ठेवला. तिनं उचलला. उघडला. एक बाजू बघितली, दुसरी बघितली. मग मिटून जिथं होता तिथं ठेवला.

"ह्यो माजा न्हाय," ती म्हणाली.

काका म्हणाले, तुमचाच आहे, शिंग बघा, कडी बघा. ती म्हणाली, शिंगाचे चाकू लई असत्यात. माज्या चाकूला डाग व्हता. माजा सासरा ह्यो धरून बोहल्यावर उभा ऱ्हायला, माजा मालक ऱ्हायला, थोरला ऱ्हायला, मधला ऱ्हायला. चौघांची लिंबं त्या पात्याला लागल्याली. म्या दरसाल येऊन काय बगत हुते? डागच बगत हुते.

काका माझ्याकडं वळले. "तू ह्याला काही केलंस का?"

आणि मी, कायदा जाणणारी, मोडी आणि उर्दू दोन्ही कत देणारी, सहा चाकूंची मालकीण, म्हणाले, "नाही. मला दिला तसाच आहे."

माझ्या तोंडावर विटेची पूड होती की काय मला ठाऊक नाही. पण माझी बोटं सोललेली होती आणि ती काकांना दिसली, कारण त्यांनी ती पाहिली आणि मग दुसरीकडं पाहिलं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मी तो चाकू त्यांच्याकडून कसा काढून घेतला तेही म्हातारीला सांगितलं नाही. ते म्हणाले, "मीच पुसला असेन, आजी. बरेच दिवस पडून होता."

"इतकी वर्सं न्हाय पुसला, आन औंदाच पुसला?"

बाजारचा दिवस, त्यामुळं ओट्यापाशी माणसं थांबायला लागली होती. त्यात तो तांब्यावालाही होता, दर बाजारी तो कुठून उगवायचा देव जाणे. तो मोठ्यानं म्हणाला, अदलाबदल करायला चाकू काय नि तांब्या काय. कुणीतरी हसलं. काकांचा हात कापत होता आणि ह्या वेळी त्यांनी तो मांडीखाली घेतला नाही. ते म्हणाले, आजी, सोनारीला चला. भैरोबाच्या पायरीवर हात ठेवून सांगतो की ही तुमचीच वस्तू आहे, दुसरी माझ्याकडं नव्हतीच कधी.

म्हातारी म्हणाली, आले असते. पर परवा हळद हाय. मांडव अर्धा व्हायचाय. सोनारीला जाऊन कवा येऊ.

ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी भांडणाऱ्या माणसांना घाबरत नसे. पण ती गुडघ्यावर हात ठेवून बसली आणि म्हणाली,

"न्हाय तर न्हाय. धाकट्याच्या हातात अडकित्ता दीन, उभा ऱ्हाईल. म्या त्याला सांगितलं व्हतं, तुझा चाकू भूमला नीट ठिवलाय. लोक म्हनायचे, गेली तुजी वस्तू. म्या म्हनायची, त्यो माणूस तसला न्हाय."

 जन्मभर दोन माणसांना दोन कायदे न करणारा माणूस माझ्यासारख्या पोरीपायी मान खाली घालून बसला होता, आणि समोर तांब्यावाला मिशीला हात लावत उभा होता.

"डाग होता," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझा आवाज फार बारीक निघाला होता, म्हणून मी परत म्हणाले, "डाग होता. मी घासला."

म्हातारीनं डोळे बारीक केले. तिला वाटलं मी काकांना वाचवायला बोलतेय. ती म्हणाली, "घासला? मग सांग कसा व्हता."

हे मात्र मला विचारायला नको होतं, कारण हे मला अख्ख्या भूममध्ये सगळ्यात चांगलं येत होतं. मी सांगितलं. ज्या बाजूला नखाची खाच आहे तिकडं टोकापासून दोन बोटं काळा, कडेला पिवळसर. वरच्या अंगाला तो एकदम संपायचा, कुणी रेघ मारल्यासारखा. दुसऱ्या बाजूला नुसता एक आडवा पट्टा, आणि त्या पट्ट्यात मधेच एक पांढरा ठिपका सुटलेला, गव्हाच्या दाण्याएवढा. तिथं रस लागलाच नव्हता. तो ठिपका होता म्हणून मला शेवटपर्यंत कळायचं की पट्टा अजून आहे.

म्हातारीनं चाकू परत उचलला, उघडला आणि त्या स्वच्छ पात्यावर, बरोबर त्या जागी, बोट ठेवलं.

"लिंबाची बी अडकली व्हती तितं," ती म्हणाली. "मधल्याच्या येळंला. त्याच्या सासूनं काडून टाकली."

मग तिनं मला विचारलं की घासलास कशाला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेव्हा मी सगळंच सांगून टाकलं. विटेची पूड सांगितली, चिंच सांगितली, चिंच का लागली ते सांगितलं, आणि ते सांगताना लग्नही सांगावं लागलं. फेटा, पिवळी माती, लिंबू. ओट्याखाली माणसं खदखदायला लागली. तांब्यावाला तर खाली बसला. मी कोनाड्यातल्या चाकूची मुदत काढून काकांना कसं पेचात धरलं, तेही सांगितलं. त्यावर मात्र कुणी हसलं नाही, फक्त काका खाली बघत होते.

म्हातारीनं तोंडाला पदर लावला. डोळे मात्र पदराच्या वर होते.

"नवरी कुनाची केलीस?"

"शेजारची."

"नांदती का?"

"बोलत नाही माझ्याशी."

"न्हायच बोलायची. असला नवरा कोन करंल."

मी विचारलं, आता डागाचं काय. मला खरोखर वाटत होतं की ती म्हणेल परत लाव, आणि मी लावायलाही तयार होते, दहा लिंबं लागली असती तरी. ती म्हणाली, "डागाचं काय मला लागतंय. माजं मला वळकाय व्हता त्यो. धाकटा परवा लिंबू टोचंल की लागंल त्याचा त्याला."

काकांकडं वळून ती म्हणाली की तुमी आदी का न्हाय बोललाव, पोरीनं केलंय म्हनून. काका म्हणाले, दुकान माझं आहे. ती मान हलवत राहिली. तांब्यावाला उठून बाजारात निघून गेला होता.

चाकू पुसून द्यावा असं मला वाटलं. तिनं गादीवर ठेवलेला उचलून मी तो परकराला पुसला, मिटला आणि तिच्यापुढं धरला. तिनं घेतला नाही. माझा हात तसाच पुढं. मला वाटलं, आता ही मला बोलणार, आणि बोलायलाच हवं होतं.

"भुईवर ठिव," ती म्हणाली. "चाकू हातातनं हातात घेतला की वाकडं येतं. तुज्यासंगं मला वाकडं न्हाय घ्यायचं."

मी तो गादीच्या कडेशी ठेवला आणि हात मागं घेतला. तिनं गाठीतले पैसे काढून काकांपुढं ठेवले, चाकू उचलून पदराच्या गाठीत बांधला, गुडघ्यावर जोर देऊन उठली आणि मांडवाचं काम राहिलंय म्हणत बाजारातून गावाच्या वाटेनं निघाली.